जुन्या ऑफरोड गाडीला नवीन रेडिएटर घेताना काय काय बघायचं

सगळ्यात आधी गाडी नेमकी कधी गरम होते ते बघा. चढावर लो गिअरमध्ये रांगताना टेंपरेचरचा काटा वर जातो आणि जरा वेग घेतला की खाली येतो, असं असेल तर भानगड बहुतेक हवेची असते, म्हणजे फॅन क्लच (इंजिनच्या जोरावर फॅन फिरवणारी जोडणी) गेलाय, श्राउड (फॅनभोवतीचं कवच) तुटलाय नाहीतर फिन्समध्ये (ट्यूबमधल्या पातळ पत्र्यांमध्ये) चिखल बसलाय, आणि अशा वेळी नवीन रेडिएटर टाकून फारसा फरक पडत नाही. सपाट रस्त्यावर सतत वेगात पळवताना गरम होत असेल तर मात्र रेडिएटर आतून चोक झालाय असा संशय घ्यायचा. थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, वाट उघडणारी झडप) आणि रेडिएटरची कॅप आधी बदलून बघाच. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर जुन्या रेडिएटरच्या फिन्स बोटाने हलकेच दाबून बघा, भुगा होऊन हातात आल्या तर बाहेरून कितीही बरा दिसला तरी तो रेडिएटर गेला.

मग प्रश्न मटेरियलचा. तांबं-पितळेचा, पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा, आणि अ‍ॅल्युमिनियम कोअरला (ट्यूब आणि फिन्सच्या मधल्या भागाला) प्लॅस्टिकच्या टाक्या असलेला, असे तीन प्रकार मिळतात. उष्णता वाहून न्यायला तांबं अ‍ॅल्युमिनियमपेक्षा सरस, पण म्हणून तांब्याचा रेडिएटर जास्त गार ठेवेलच असं नाही. पितळेच्या पातळ ट्यूब रुंद केल्या तर प्रेशरने फुगतात, त्यामुळे त्या साधारण अर्धा इंचच ठेवाव्या लागतात, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ट्यूब एक इंच किंवा त्याहून रुंद करता येतात. म्हणून दुकानदार "चार रो आहे, घ्या" म्हणाला की लगेच हुरळून जाऊ नका (रो म्हणजे एकामागे एक लावलेल्या ट्यूबच्या रांगा), ट्यूबची रुंदी विचारा, कारण एक इंची ट्यूबचा दोन रोवाला अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर अर्धा इंची चार रोवाल्याच्या तोडीचा असू शकतो. शिवाय कोअर जितका जाड तितकी मागच्या रोपर्यंत हवा पोचताना तापलेली असते, आणि ऑफरोडला तर वेगच नसतो, सगळी हवा फॅननेच ओढायची असते. त्यामुळे जाडी वाढवण्यापेक्षा समोरून दिसणारा एरिया जितका मोठा मिळेल तितका घ्या. फिन्स पण फार दाट नकोत, त्यात चिखल आणि गवताचं बी अडकलं की निघता निघत नाही.

माझं मत विचाराल तर लांब, एकाकी ठिकाणी जाणाऱ्या गाडीला तांबं-पितळेचाच घ्यावा. जड असतो हे मान्य, पण गळायला लागला तर डाग देऊन काम भागवता येतं, आणि अ‍ॅल्युमिनियमला नीट वेल्डिंग करणारा माणूस शोधावा लागतो. प्लॅस्टिक टाकीवाला मी तरी जुन्या गाडीला घेणार नाही, कारण उष्णतेने प्लॅस्टिक वर्षांनुवर्षं ठिसूळ होत जातं आणि एकदा तडा गेला की टाकीच बदलावी लागते.

माउंटिंगकडे लोक फार दुर्लक्ष करतात, आणि ऑफरोडला रेडिएटर मरतात ते बरेचदा इथेच. खड्ड्यात एक चाक वर गेलं की चासी पिळते, आणि रेडिएटर चारही बाजूंनी थेट लोखंडाला आवळलेला असेल तर तो पीळ त्याच्यावर येतो आणि टाकी-कोअरच्या जोडावर चीर पडते. त्यामुळे रबर बुश पाहिजेतच, जुने कडक झाले असतील तर नवीन टाका. फॅन आणि कोअरमध्ये इंचभर तरी जागा ठेवा, कारण पाण्यात गाडी घातली की फॅनची पाती पाण्याच्या दाबाने पुढे वाकतात आणि कोअर कापतात. जाड कोअर घेतला की पहिल्यांदा हीच जागा कमी होते, म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी टेपने मोजा. सोबत होजचे व्यास आणि बाजू, ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअरबॉक्सच्या ऑइलच्या कूलरचे कनेक्शन, आणि ड्रेन कॉक (कूलंट काढून टाकायचा खालचा नळ) दगडाला लागेल इतका खाली तर नाही ना, हे पण बघून घ्या.

कॅप कंपनीने दिलेल्या प्रेशरचीच लावायची. दर 1 पीएसआयला (प्रेशर मोजायचं एकक) कूलंटचा उकळबिंदू साधारण दीड डिग्री सेल्सिअसने वाढतो हे खरं, पण 7 पीएसआयसाठी बनलेल्या जुन्या सिस्टिमला 15 ची कॅप लावली तर जुने होज आणि हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) फुटायची भीती.

बसवण्याआधी इंजिन ब्लॉक फ्लश करा, नाहीतर जुना गंज नव्या ट्यूबमध्ये जाऊन बसतो. कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नको. भरताना गाडीचं तोंड चढाकडे ठेवा आणि हीटर फुल गरमवर ठेवा म्हणजे हवा निघते. दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना लेव्हल बघून टॉप-अप करा, आणि पहिल्या खडबडीत चक्करीनंतर माउंटिंगचे बोल्ट आणि होज क्लॅम्प परत एकदा तपासा.