साईट मेंटेनन्सला जाते तेव्हा तुमचा लिलाव कुठे असतो?

गोव्यात बसून ईबेसारख्या साईटवर पोर्तुगीज काळातले स्टॅम्प, एस्कुदोची नाणी, जुनी पोस्टकार्डं लिलावाला टाकत असाल तर हे वाचा. दुरुस्तीसाठी साईट दोन तास बंद ठेवली तर फिक्स्ड प्राईसवाल्यांनी फार टेन्शन घेऊ नये, त्यांचे तेवढेच दोन तास जातात, नंतर गिऱ्हाईक परत येतं.

लिलावाचं तसं नाही. सात दिवसांतले दोन तास गेले तर काय बिघडलं असं वाटतं, पण बोली खरी चढते ती शेवटच्या काही मिनिटांत. बरेच जण वस्तू वॉचलिस्टला, म्हणजे नजर ठेवायच्या यादीत, टाकून गप्प बसतात आणि अगदी शेवटच्या सेकंदाला बोली मारतात, शिवाय 'लवकर संपणारे' असं सॉर्ट करून बघणाऱ्यांना तुमचा माल त्याच वेळेला वर दिसतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ऐन गर्दीच्या वेळी तुमच्याच दुकानाचं शटर खाली ओढल्यासारखं होतं ते. आधी कोणी मॅक्सिमम बोली (जास्तीत जास्त किती देणार तो आकडा) लावून ठेवली असेल तर ती तशीच राहते, पण तिच्याशी भांडायला दुसरा कोणी आत येऊ शकत नाही, मग तिथल्या तिथेच माल सुटतो.

आता आपल्याकडची खास गोची. लिलाव ज्या वेळेला सुरू केला त्याच वेळेला संपतो, आणि आपण लिस्टिंग टाकतो कधी, तर दुपारी दुकान बंद करून जेवून झालं की. आपली दुपारची १ म्हणजे उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातली मध्यरात्रीची १२:३०, हिवाळ्यात आदल्या रात्रीची ११:३०. अमेरिकन साईटला दुरुस्ती काढायची तर गर्दी कमी असलेली रात्रच त्यांना सोयीची, म्हणजे बरोब्बर आपली ही दुपार. त्यात नोटिशीत 'गुरुवार रात्र' लिहिलेलं असतं आणि आपण गुरुवारच धरून बसतो. समजा पॅसिफिक टाईम (कॅलिफोर्नियाची वेळ) गुरुवार रात्री ११ ते १ असं लिहिलंय, तर मार्च ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडे ते शुक्रवार सकाळी ११:३० ते १:३०, आणि नंतर तिकडची घड्याळं तासभर मागे गेली की १२:३० ते २:३०.

म्हणून वेळ उलटी मोजा, आधी संपायची ठरवा. शुक्रवार दुपार टाळायची असेल तर ७ दिवसांचा लिलाव शुक्रवारी दुपारी, ५ दिवसांचा रविवारी दुपारी आणि ३ किंवा १० दिवसांचा मंगळवारी दुपारी सुरू करू नका, हे सगळे शुक्रवारीच येऊन आपटतात. अमेरिकन गिऱ्हाईक हवं तर त्यांची रविवार संध्याकाळ बरी, कॅलिफोर्नियात ६ वाजता म्हणजे आपल्याकडे सोमवार सकाळ ६:३०, हिवाळ्यात ७:३०. पोर्तुगालवाले हवे असतील तर लिस्बनचे रात्रीचे ९ म्हणजे आपली पहाटेची १:३०, थंडीत २:३०, त्यासाठी जागत बसायची गरज नाही, शेड्यूल करून झोपा. (१०० वर्षांहून जुनी नाणी मात्र बाहेर पाठवायच्या भानगडीत पडू नका, १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. १९५८-५९ च्या एस्कुदोला ती अडचण नाही.)

सगळे लॉट, म्हणजे लिलावाला टाकलेला माल, एकाच मिनिटाला संपवू नका, दोन-तीन वेगळ्या दिवसांत वाटा. आणि सुरुवातीची किंमत तेवढीच ठेवा जेवढ्याला माल गेला तरी तुम्हाला चालेल, कारण स्वस्तात सुटला म्हणून सौदा मोडलात तर अकाउंटला डाग लागतो. लिलाव चालू असताना नोटीस आली तर लगेच बघा, बोली लागलेली असली आणि शेवटचे १२ तास उरले की फारसं काही बदलता येत नाही.

साईट खरंच बंद पडली तर आधी स्वतःचं नेट चेक करा, पावसात आपल्याकडे वीज आणि नेट दोन्ही कधी जाईल सांगता येत नाही. मोबाईल डेटावरूनही उघडत नसेल तर तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. शक्यतो रोज चालू लॉटची शेवटची बोली, विकलेल्या मालाचे पत्ते आणि ऑर्डर नंबर वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवून ठेवा, म्हणजे साईट बंद असली तरी पॅकिंग आणि पोस्ट थांबत नाही.

भरपाईचं म्हणाल तर जून १९९९ मध्ये ईबे जवळजवळ २२ तास बंद होती तेव्हा त्यांनी विक्रेत्यांची फी परत केली होती. पण ते अचानक कोसळणं होतं, आधी सांगून केलेल्या मेंटेनन्सला तसं काही मिळेल असं धरून चालू नका. त्या त्या साईटचे आउटेजचे (साईट बंद पडल्यावरचे) नियम आजच वाचून ठेवा, किती तास बंद राहिली तर मुदत वाढते, फी आपोआप येते की मागावी लागते. मागायची असेल तर लॉट नंबर, संपायची वेळ आणि स्क्रीनशॉट एकाच मेसेजमध्ये पाठवा, आणि न विकलेला माल घाईत त्याच दुपारी परत टाकू नका, वेळ बदलून टाका.