जुन्या गाडीत टर्बो इंजिन बसवायचंय? आधी टेप हातात घ्या

टर्बो इंजिनाचा, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणाऱ्या टर्बोने जास्त हवा आत दाबणाऱ्या इंजिनाचा विषय निघाला की गप्पा लगेच हॉर्सपॉवरवर जातात. पण चेन ब्लॉकला लटकवलेलं इंजिन खाली सोडणं हा या कामातला सोपा भाग. वेळ आणि पैसा खातात ते तेल, पेट्रोल, वायरिंग आणि ब्रेक.

सुरुवात कागदपत्रांपासून करा. इंजिन बदललं की बहुतेक ठिकाणी गाडीच्या नोंदणीत बदल करावा लागतो आणि विमा कंपनीला कळवावं लागतं. काही ठिकाणी परवानगीच मिळत नाही. हे पाना हातात घेण्याआधी विचारून घ्या.

सुटं इंजिन स्वस्त वाटतं, पण घेऊ नका. मागून ठोकलेली अख्खी गाडी मिळाली तर उत्तम. तिच्यातून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), त्याला जुळणारी किल्ली, इमोबिलायझर (चोरीविरोधी यंत्रणा), सेन्सर, इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा गार करणारी जाळी) आणि न कापलेली वायरिंग असं सगळं एकत्र मिळतं. कापलेल्या वायरिंगचा गुंता सोडवत बसण्यासारखं कंटाळवाणं काम नाही. शक्यतो गिअरबॉक्सही त्याच गाडीचा घ्या, म्हणजे बेल हाउसिंग (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारं कवच) जुळवायची भानगड उरत नाही.

आता मापं. तीन जागा नीट तपासा: ऑइल चेंबर (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) क्रॉसमेंबरला, म्हणजे खालच्या आडव्या दांड्याला अडतो का, टर्बो स्टिअरिंगच्या रॉडला टेकतो का आणि बॉनेट बंद होतं का. रिकामा ब्लॉक आणि गिअरबॉक्स जोडून आत ठेवून बघितलं की अंदाज येतो. रेस दिली की इंजिन माउंटिंगवर हलतं, त्यामुळे चहूबाजूंनी दोन बोटं तरी जागा मोकळी हवी. गाडी मागच्या चाकांवर चालणारी असेल तर माउंटिंग वेल्ड करण्याआधी प्रोपेलर शाफ्टचा कोन बघा. गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा शाफ्ट एकमेकांना समांतर नसले तर वेगात गाडी थरथरते.

इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकचं मागचं ऑइल सील आणि क्लच प्लेट बदलून टाका.

टर्बोच्या तेलाकडे मात्र बारकाईने बघा. तेल टर्बोत दाबाने येतं, पण परत जातं ते केवळ उताराने. त्यामुळे परतीचा पाइप जाड हवा, चेंबरपर्यंत सतत उतरता हवा आणि तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवा. पाइपला कुठे पोट आलं की तेल तुंबतं, टर्बोच्या सीलमधून बाहेर पडतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. लोक अशा वेळी टर्बो गेला समजून नवा आणतात आणि तोही आठवडाभरात धूर सोडायला लागतो.

पेट्रोलचंही तसंच. कार्ब्युरेटरच्या गाडीचा पंप साधारण 0.2 ते 0.35 बार दाब देतो. बहुतेक इंजेक्शन इंजिनांना 3 बारच्या आसपास लागतो. म्हणजे पंप, फिल्टर, नळ्या, क्लिपा सगळं इंजेक्शनच्या दाबाचं घाला. जुनी रबरी नळी ‘चालतेय की’ म्हणून ठेवू नका. ती फुटते तेव्हा शेजारी लालभडक टर्बो असतो. त्याच कारणाने ब्रेकचे पाइप आणि वायरी टर्बोपासून लांब न्या आणि मध्ये उष्णतारोधक पत्रा लावा.

ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधून मिळतो, आणि टर्बो दाब देत असताना तिथे व्हॅक्यूम नसतोच. म्हणून त्या नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह आहे आणि धड आहे याची खात्री करा. ताकद वाढली की डिस्क आणि कॅलिपरही मोठे लागतात. माझ्या मते हे काम इंजिन बसवण्याआधीच उरकावं, कारण नंतर हात आणि बजेट दोन्ही आखडतात. मोठा रेडिएटर आणि ब्लॉक ते चासी जाड अर्थिंग यांत तर काटकसर नकोच.

पहिल्यांदा चालू करताना घाई नको. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, स्पार्क देणाऱ्या इग्निशनची जोडणी काढा आणि ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत थोडं थोडं थांबत स्टार्टर मारा. तेवढ्यात टर्बोच्या बेअरिंगपर्यंत तेल पोचतं. मग सगळं जोडून चालू करा, कूलंटमधली हवा निघू द्या आणि प्रत्येक जोड टॉर्च लावून बघा.

पहिले काही दिवस बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वेस्टगेटच्या (दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगपुरताच ठेवा. एक्झॉस्टमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावलेला असावा; पूर्ण बूस्टवर पेट्रोल इंजिनाचा लॅम्बडा (हे प्रमाण दाखवणारा आकडा; 1 पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त) 0.8 च्या आसपास दिसला पाहिजे. तो 1 कडे सरकला किंवा इंजिनातून कडकड ऐकू आली तर लगेच अ‍ॅक्सिलरेटर सोडा. जोरात पळवून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर संथ चालू द्या.

शे-दोनशे किलोमीटर झाले की इंजिन गार असताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट तपासा, तेल बदला आणि जुनं तेल पांढऱ्या फडक्यातून गाळून बघा. चमकणारे कण दिसले तर बूस्ट वाढवायचं राहू द्या आणि आधी बेअरिंग उघडा.