पेंडल हिलवर जाताय? मग घाई करू नका

इंग्लंडच्या लँकशायरमधल्या पेंडल हिल या टेकडीची उंची ५५७ मीटर. आपल्याकडच्या ट्रेकरला हा आकडा सांगितला की तो हसतो, मी पण हसलो होतो, म्हटलं कळसूबाई १६४६ मीटर आहे, ही टेकडी काय चीज. मँचेस्टरहून चौघं मित्र गाडी काढून गेलो, बार्ली गावातून जे तडक निघालो ते तासाभरात वर, वर सगळं धुकं, दगडी खांबाला हात लावून सेल्फी, खाली, चहा, घर. बायकोने विचारलं काय बघितलं, तर सांगायला दोनच गोष्टी, धुकं आणि मेंढ्या. त्यातली मेंढी पण नीट बघितली नव्हती.

त्यानंतर पंधरा-वीस वेळा तरी गेलो असेन, एकटा, मुलांना घेऊन, एकदा सासूबाईंना घेऊन. आता ग्रुपवर कोणी विचारलं की "वीकेंडला जवळपास काय करता येईल" तर दरवेळी तेच टाइप करत बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. एकच विनंती, दीड-दोन तासांची ही चाल आहे तिला पाच तास द्या. वर पोचायला काही लागत नाही, बघायला वेळ लागतो.

आधी कधी जायचं ते. माझं मत विचाराल तर एप्रिलचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य, बाकी सगळं त्यानंतर. कारण पक्षी. या दिवसांत माळावर घरटी करायला लांब वाकड्या चोचीचा कर्ल्यू येतो, टिटवीची इथली बहीण लॅपविंग येते, आणि एप्रिलअखेर ते मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात डॉटरेल नावाचा छोटा चिखल्या उत्तरेकडे जाता जाता पेंडलच्या माथ्यावर काही दिवस थांबतो. अगदी छोटे थवे असतात, पण ते बघायला लोक लांबून दुर्बिणी घेऊन येतात, वर कुठे चार-पाच माणसं एकाच दिशेला टक लावून गप्प उभी दिसली की समजायचं. जूनमध्ये माथ्यावर कॉटनग्रास फुलतं, म्हणजे गवताच्या काडीवर कापसाचा बोळा ठेवल्यासारखं, आणि वारा आला की अख्खा माळ पांढरा हलतो. जुलै-ऑगस्टमध्ये बिलबेरी पिकते, ऑक्टोबरमध्ये नेचे वाळून गंजाच्या रंगाचे होतात. हॅलोविनला मात्र जाऊ नका, का ते पुढे सांगतो. डिसेंबरमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो हे लक्षात ठेवा, उलट जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा संध्याकाळी चारला निघालात तरी चालतं, आणि तेव्हा गर्दीही नसते.

पोचायचं कसं? गाडी असेल तर बार्लीत पे अँड डिस्प्लेचं पार्किंग आहे, शनिवार-रविवारी दहाच्या आत पोचा नाहीतर गावातल्या अरुंद गल्लीत गाडी लावून शिव्या खाल. गाडी नसेल तर मँचेस्टर व्हिक्टोरियाहून क्लिदरोची ट्रेन पकडायची. तिथून बार्लीकडे जाणाऱ्या बस मोजक्याच असतात, टाइमटेबल आदल्या दिवशी बघा, विशेषतः परतीचं. दुसरा मार्ग म्हणजे क्लिदरोहून चालत डाउनम गावात जायचं आणि उत्तरेकडून चढायचं, हा चढ अंगावर येतो पण गाव बघण्यासारखं आहे, वर लटकणाऱ्या तारा नाहीत, डिश अँटेना नाहीत, ओढ्याकाठी बदकं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी बार्लीच धरावी.

कपड्यांचं थोडक्यात. इथले लोक म्हणतात की पेंडल दिसत असेल तर पाऊस येणारे, आणि दिसत नसेल तर पाऊस चालू आहे. विनोद आहे पण रेनकोट घ्यायचाच. जीन्स नको, भिजली की वाळत नाही आणि पायाला गोणपाटासारखी चिकटते. बार्लीपासून माथा साधारण साडेतीनशे मीटर वर आहे, म्हणजे तापमान दोनेक अंशांनी कमी, वर वारा असला की त्याहून जास्त गार वाटतं, त्यामुळे खाली टी-शर्टवर फिरणारी माणसं बघून फसू नका. बूट तळाला खाचा असलेले. मोबाइलवर नकाशा डाउनलोड करून ठेवा, रेंजचा भरवसा नाही, कागदी हवा असेल तर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल ४१ नंबरचा. आणि दुर्बीण! नसेल तर कोणाची तरी उसनी मागा, ही गोष्ट विसरलात तर अर्धी टेकडी घरी राहिली.

आता चालायला लागू. पार्किंगमधून लगेच टेकडीकडे पळू नका, गावातल्या ओढ्याच्या पुलावर पाच मिनिटं थांबा. पाण्यातल्या दगडावर एक गोलमटोल तपकिरी पक्षी, छातीवर पांढरं लाळेरं बांधल्यासारखं, सारखा उठाबशा काढताना दिसला तर तो डिपर. हा चक्क पाण्याखाली जातो, तळाशी किडे शोधतो आणि दुसरीकडून वर येतो. त्याच्या आसपास शेपूट हलवणारा करडा धोबी, हा आपल्या ओळखीचा, हिवाळ्यात सह्याद्रीतल्या ओढ्यांवर दिसतो ना तोच.

गावाबाहेर पडलं की दगडी भिंती सुरू होतात. नीट बघा, सिमेंट नाही, माती नाही, नुसते दगडावर दगड, दोन बाजूंनी दोन भिंती, मध्ये बारीक दगडांची भर आणि अधूनमधून आरपार जाणारा एक लांब दगड जो दोघींना धरून ठेवतो. आपल्याकडची गडगी आठवतील कोकणातल्या लोकांना. याच्या फटींमध्ये छोटे पक्षी घरटी करतात, मुंगसासारखा स्टोट आत-बाहेर करतो. त्यामुळे भिंतीवर चढायचं नाही, एक दगड निसटला की शेतकऱ्याचा दिवस गेला. ओलांडायला ठिकठिकाणी पायऱ्या आणि फाटकं असतात. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर बंद करा, स्वतःची अक्कल लावू नका.

मेंढ्यांकडे वळू, कारण पहिल्यांदा त्याच सुटल्या होत्या माझ्या. काळ्या-पांढऱ्या तोंडाची शिंगवाली दिसली तर ती बहुतेक लॉंक, याच भागातली जुनी जात. पाठीवर निळा, लाल रंग फासलेला असतो, ती धुळवड नाही, कोणाची मेंढी कोणाची ते कळायला. वर मोकळ्या माळावर कुंपण नसतं तरी कळप हरवत नाहीत, कारण आपली हद्द कोणती ते कोकरू आईबरोबर फिरून शिकतं आणि पुढे आपल्या पिल्लाला शिकवतं. एप्रिलमध्ये कोकरं असतात, जवळ जाऊन फोटो काढायचा मोह होतो, नका जाऊ. कुत्रा असेल तर मोकळ्या माळावर १ मार्च ते ३१ जुलै दोरी बांधणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि मेंढ्या जवळ असतील तर वर्षभर.

पायथ्याच्या कुरणांमध्ये एखादा काळा-पांढरा पक्षी डोक्यावर तुरा घेऊन तुमच्या अंगावर सूर मारत "पीविट पीविट" करत आला तर ती लॅपविंग. आपली टिटवी जसं डोकं उठवते तसंच. त्याचा अर्थ पिल्लं जवळपास गवतात आहेत आणि तुम्ही चुकीच्या जागी उभे आहात. वाटेवर या आणि पुढे चला, ती आपोआप गप्प होते.

मग पेंडल हाउस या शेतघरापाशी खरा चढ लागतो, दगडी पायऱ्यांचा. लोक कुरकुर करतात की निसर्गात पायऱ्या कशाला, पण त्याचं कारण पायाखाली आहे. वरची जमीन पीट आहे, म्हणजे पाण्यात बुडून न कुजता साठत गेलेलं गवत आणि शेवाळ, काळं, लोण्यासारखं मऊ. वर्षाला साधारण एक मिलीमीटर वाढतं. म्हणजे तुमचा बूट वाट सोडून घोट्यापर्यंत रुतला की तुम्ही शंभर वर्षं तुडवली. कडेला हिरवट-लालसर गाद्यांसारखं स्फॅग्नम शेवाळ दिसेल, तळहाताने हलकं दाबून बघा, उपटू नका, स्पंजसारखं पाणी वर येतं. स्वतःच्या वजनाच्या वीस पट पाणी धरतं म्हणतात. माथ्यावर पडलेला पाऊस हे शेवाळ अडवून ठेवतं आणि हळूहळू सोडतं, नाहीतर खालच्या गावांमध्ये एकदम लोंढा. उन्हाळ्यात इथे बार्बेक्यू, शेकोटी, सिगरेट काही नको, पीट आतल्या आत धुमसत राहतं आणि विझवता विझत नाही.

पायऱ्यांवर दम लागला की दगडाकडे बघा, थांबायला सबब मिळते. हा वाळूचा खडबडीत दगड तीस कोटी वर्षांहून जुना आहे, आपला दख्खनचा काळा पत्थर साडेसहा कोटींचा, म्हणजे पोरगाच म्हणायचा. भूशास्त्रात एका कालखंडाचं नावच या टेकडीवरून पेंडलियन पडलंय. टेकडीच्या नावाची तर गंमतच आहे, जुन्या केल्टिक भाषेत पेन म्हणजे टेकडी, मग इंग्लिश बोलणारे आले त्यांना ते कळेना म्हणून त्यांनी पुढे हिल जोडलं, दोन्हीचं मिळून पेंडल झालं, तेही विसरले आणि परत एकदा हिल लावलं. टेकडी टेकडी टेकडी.

माथा सपाट आणि चांगला लांबरुंद आहे. नव्वद टक्के लोक खांबापाशी फोटो काढून परत फिरतात, तुम्ही कडेकडेने उत्तरेला थोडं चाला. हवा स्वच्छ असेल तर समोर इंगलबरो, पेन-इ-गेंट हे यॉर्कशायरचे डोंगर, खाली रिबल नदीचं खोरं, क्लिदरोचा किल्ला काडेपेटीएवढा. चंडोल इथे सतत गातो, पण गाणं ऐकून वर बघितलं तरी सापडत नाही, युक्ती अशी की आवाजाच्या बराच वर एक ठिपका शोधायचा, तो गाणं थांबवून दगडासारखा खाली पडला की कळतं कुठे होता. सारख्या "सिप सिप" करत उडणाऱ्या बारक्या तपकिरी चिमण्या म्हणजे तीरचिमणी, त्यात वेळ घालवू नका, शेकड्याने आहेत. झुडपातून कोणी "गो बॅक, गो बॅक" ओरडलं तर घाबरू नका, रेड ग्राउज आहे, इथे ते ऐकून आपल्या लोकांना जरा वेगळंच वाटतं हे मान्य!

इतिहास थोडक्यात, कारण त्यावर खूप लिहिलं गेलंय. १६१२ साली या भागातल्या लोकांवर चेटकिणी म्हणून खटले चालले आणि दहा जणांना फाशी दिली. म्हणून हॅलोविनला इथे जत्रा भरते, टोप्या घालून, टॉर्च घेऊन. कोणाच्या तरी फाशीची जत्रा मला काही पटत नाही, असो. १६५२ मध्ये जॉर्ज फॉक्स नावाचा धर्मोपदेशक वर चढला, त्याला दृष्टांत झाला आणि पुढे क्वेकर हा ख्रिस्ती पंथ उभा राहिला. आणि माझी आवडती गोष्ट, १६६१ मध्ये रिचर्ड टाउनली आणि हेन्री पॉवर हे दोघं पाऱ्याचा बॅरोमीटर घेऊन पेंडल चढले, वर आणि खाली हवेचा दाब मोजला, आणि त्यातून जे निघालं ते आपण नववी-दहावीत बॉइलचा नियम म्हणून पाठ केलं. पाऱ्याची काचेची नळी घेऊन या चढावर! मला साधा थर्मास सांभाळवत नाही.

धुकं आलं तर? माथा सपाट असल्यामुळे दिशा पटकन चुकते, वाट दिसत नसेल तर थांबा, नकाशावर खात्री करा, मगच पाऊल. अडकलातच तर ९९९ लावून आधी पोलिस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू. रेंज नसेल तर शिट्टी, मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, परत सहा.

उतरताना त्याच पायऱ्या नकोत, गुडघ्यांना त्रास. बोर क्लफ आणि ऑग्डन क्लफमार्गे उतरा, क्लफ म्हणजे ओढ्याची घळ, मग ऑग्डनचे दोन तलाव आणि बार्ली. एकूण फेरी आठेक किलोमीटर. घळीत खडकांवर काळा कस्तूर दिसला आणि गळ्यावर पांढरी चंद्रकोर असेल तर तो रिंग आउझेल, नशीब काढलंत. सासूबाई आल्या होत्या तेव्हा आम्ही वर गेलोच नाही, बार्लीहून तलावांपर्यंत आणि परत, वाट चांगली आहे, ज्येष्ठांना जमते. जुलै होता. त्यांनी वाटेच्या कडेला वाकून बिलबेरी तोडली, चाखली, "करवंदाची सर नाही" म्हणाल्या आणि पुढचा अर्धा तास पदराच्या टोकात गोळा करत बसल्या. जिभा जांभळ्या झाल्या सगळ्यांच्या. पूर्ण खात्री असेल तरच फळ तोंडात घाला, आणि सगळं झुडूप ओरबाडू नका, ग्राउजचंही जेवण आहे ते.

कर्ल्यूचं मुद्दाम शेवटी ठेवलंय. वरच्या तलावाजवळ भिंतीच्या आडोशाला, वारा लागणार नाही असं बसा, चहा काढा, बोलणं बंद. आधी लांबून एक-एक सूर येतो, खालून वर चढणारा, मग ते सूर जवळजवळ येत जातात आणि एकदम पाणी उकळल्यासारखी थरथर होते, पक्षी पंख न हलवता तरंगत खाली येतो, चोच इतकी लांब आणि वाकडी की उडताना ओझं होत असेल असं वाटतं. जगातल्या घरटी करणाऱ्या कर्ल्यूंपैकी जवळजवळ पाव ब्रिटनमध्ये असतात आणि तरी इथे ते झपाट्याने कमी होतायत, २०१५ पासून ब्रिटनच्या रेड लिस्टवर, म्हणजे सर्वात काळजीच्या पक्ष्यांच्या यादीत आहेत. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात चिखलात चोच खुपसून फिरणारा कर्ल्यू तुम्ही बघितला असेल, जात तीच, पण तिथे तो असं गात नाही. उठून जवळ जायचं नाही, अंडी जमिनीवर असतात.

घरी आल्यावर बूट बाहेर काढा, आणि मोजे, गुडघ्यामागे, मुलांच्या कानामागे गोचिडी तपासा, नेच्यांमधून चाललात तर नक्कीच. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, पिरगळायची नाही, तेल-बिल लावायचं नाही. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी गोल लाल चट्टा पसरताना दिसला तर जीपीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरला फोन करा आणि टेकडीवर गेलो होतो हे आठवणीने सांगा.