शुगरबीटला नत्र किती द्यावे आणि केव्हा थांबवावे

शुगरबीटचे रान शेवटपर्यंत गर्द हिरवे दिसले, तर तो पीक उत्तम असल्याचा पुरावा मानू नये. जास्तीच्या नत्राने पाला माजतो आणि कंदाचे वजनही काही अंशी वाढते, पण त्यातील साखरेचे प्रमाण घटते. शिवाय रसात अमिनो नत्र (अमिनो आम्लांच्या रूपातील नत्र) साचते, ते साखरेचे स्फटिक होऊ देत नाही आणि त्यामुळे काढता येण्याजोगी साखर मळीत निघून जाते. म्हणून पिकाला सुरुवातीला पोटभर नत्र मिळावे आणि काढणीआधीचा महिना-दीड महिना ते उपाशी राहावे, असे नियोजन करावे लागते.

खताचा हिशेब जमिनीपासून सुरू करावा. बीटचे सोटमूळ दीड मीटरपर्यंत आणि त्याहूनही खोल जाते, त्यामुळे केवळ वरच्या थराचा नमुना अपुरा ठरतो. पेरणीपूर्वी 0–30, 30–60 आणि 60–90 सेंटिमीटर थरांचे वेगळे नमुने घेऊन त्यांतील नायट्रेट-नत्र तपासून घ्यावे. मध्यम पोताच्या जमिनीत 30 सेंटिमीटरच्या थरातील दर 1 पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) म्हणजे हेक्टरी सुमारे 4 किलो नत्र होय. समजा, तिन्ही थरांत अनुक्रमे 6, 4 आणि 2 पीपीएम आढळले, तर जमिनीत 48 किलो नत्र आधीच आहे. आपल्या भागातील शिफारस जमीन व खत मिळून 150 किलोची असेल, तर बाहेरून 102 किलो, म्हणजे 46 टक्के नत्राचा युरिया सुमारे 222 किलो पुरतो. शेणखत दिले असल्यास किंवा आधीचे पीक द्विदल असल्यास त्यातून मिळणारे नत्रही वजा करावे. विहिरीच्या पाण्याकडे मात्र बहुतेकांचे लक्षच जात नाही: पाण्यात लिटरला 5 मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र असेल, तर हंगामातील 500 मिलिमीटर सिंचनातून हेक्टरी 25 किलो नत्र आपोआप शेतात पडते.

मात्रा दोन हप्त्यांत विभागावी. पेरणीच्या वेळी 30 ते 40 किलो नत्र पुरेसे असते आणि तेही बियाण्याला चिकटून देऊ नये, कारण कोवळ्या रोपाला क्षार सोसत नाहीत आणि युरियातून सुटणारा अमोनिया उगवण मारतो. खत ओळीपासून 5 सेंटिमीटर बाजूला आणि बियाण्याच्या 5 सेंटिमीटर खाली पडावे. उरलेले नत्र रोपे दोन ते चार पानांवर असताना द्यावे. युरिया उघड्यावर पसरून ठेवल्यास त्यातील नत्र हवेत उडते, म्हणून तो लगेच मातीआड करावा किंवा हलके पाणी द्यावे. हलक्या वाळूच्या जमिनीत पावसाने नत्र खाली वाहून जाते. तेथे तीन हप्ते केले तरी चालतील, परंतु पानांनी रान झाकल्यानंतर खताची पिशवी उघडू नये.

पुढे पिकाची अवस्था देठावरून कळते. नुकतेच पूर्ण वाढलेले पान निवडून त्याच्या देठातील नायट्रेट-नत्र तपासावे. कोरड्या वजनावर ते 1000 पीपीएमच्या खाली गेले, की पिकाला नत्राची टंचाई भासू लागली असे समजतात. हंगामाच्या पूर्वार्धातच हा आकडा खाली आला, तर तातडीने थोडी पूरक मात्रा द्यावी. काढणीच्या तोंडावर पाने फिकट पडू लागली, तर घाबरून युरिया फेकू नये, कारण त्या दिवसांत पीक नवा पाला फुटवण्याऐवजी कंदात साखर साठवत असते.