पिकअप लवकर जमतो, ट्रान्सफरला वेळ लागतो

स्त्रीरोगात एमएस करून वंध्यत्वाच्या फेलोशिपला गेले तेव्हा डोक्यात एकच होतं, ओव्हम पिकअप, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचारात (आयव्हीएफ) अंडाशयातून सुईने बीजांडं काढणं, कधी हातात येणार? मॅडमनी मात्र पहिले दोन महिने मला सोनोग्राफीच्या खोलीत बसवलं. सकाळी साडेसातपासून फॉलिक्युलर स्टडीची, म्हणजे अंडाशयातल्या फॉलिकल्सची वाढ बघायच्या सोनोग्राफीची, रांग. तेव्हा मला तो अन्याय वाटला. आता फेलोशिपला निघालेल्या मुलामुलींना मी सांगते, ते दोन महिने मागून घ्या.

पाळीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही अंडाशयांतली २ ते १० मिलिमीटरची फॉलिकल्स, म्हणजे बीजांडाच्या पिशव्या, मोजायची असतात. मी नऊ म्हणायचे, मॅडमना चौदा दिसायची. मी प्रोब भराभर फिरवायचे आणि अंडाशयाचा एक कोपरा दर वेळी सुटायचा. अंडाशयाला चालना देणाऱ्या इंजेक्शनचा डोस ठरवताना हा आकडा बघतात, त्यामुळे पाचाचा फरक लहान नाही. त्याच खोलीत आणखी एक गोष्ट शिकले. अंडाशयाला खेटून जाणारी मोठी रक्तवाहिनी आडव्या छेदात हुबेहूब फॉलिकलसारखी दिसते, गोल आणि काळी. प्रोब नव्वद अंशांत फिरवला की ती लांब नळी होते, फॉलिकल गोलच राहतं. हा फरक डोळ्यांत मुरल्याशिवाय कुणी हातात सुई घेऊ नये.

मग पिकअप. बीजांडं पक्व करणाऱ्या ट्रिगरच्या इंजेक्शननंतर साधारण ३५-३६ तासांनी, भूल देऊन, योनीमार्गातून. नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: सुईचं टोक पडद्यावर दिसत नसेल तर सुई पुढे सरकवायची नाही. बाकी हात लवकर बसतो, कारण चूक तिथल्या तिथे कळते. फॉलिकल आक्रसलं की दिसतं, ओढलेल्या द्रवाची ट्यूब लॅबमध्ये गेली की तिथून ‘बीजांड मिळालं’ असा आवाज येतो, किंवा येत नाही. २०२१च्या एआरटी (सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखालच्या नियमांतही पिकअपचाच आकडा आहे. लेव्हल २ क्लिनिकमध्ये, म्हणजे जिथे आयव्हीएफ होतं तिथे, काम करायचं तर देखरेखीखाली केलेल्या ५० पिकअपची नोंद हवी, नाहीतर डीएम (सुपरस्पेशालिटी पदवी) किंवा फेलोशिप आणि तीन वर्षांचा अनुभव.

खरी परीक्षा ट्रान्सफरची, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेला भ्रूण गर्भाशयात सोडण्याची. बघणाऱ्याला वाटतं, यात काय आहे? भूल नाही, सुई नाही, पाच-दहा मिनिटांचं काम. मऊ कॅथेटर गर्भाशयमुखातून आत न्यायचा, वरच्या भिंतीला न लावता दीड-दोन सेंटिमीटर अलीकडे थांबायचं आणि थेंबभर द्रवातला भ्रूण सोडायचा. पण निकाल कळतो दोन आठवड्यांनी, बीटा रिपोर्टमध्ये, म्हणजे गर्भधारणेच्या रक्ततपासणीत. तो निगेटिव्ह आला तर दोष भ्रूणाचा, गर्भाशयाच्या अस्तराचा की माझ्या हाताचा, हे एका केसवरून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून इथला हात आययूआयवर, म्हणजे नळीने वीर्य गर्भाशयात सोडण्याच्या साध्या उपचारावर, तयार करायचा. वाट तीच, वळणं तीच. आययूआय किरकोळ समजून घाईघाईत उरकणारे फेलो मी पाहिलेत. पुढे ट्रान्सफरच्या वेळी त्यांचा हात अडला की पहिल्यांदा व्हल्सेलमकडे, गर्भाशयमुख पकडायच्या चिमट्याकडे, जातो, आणि त्या चिमट्याने गर्भाशय आकुंचन पावायला लागतं.

माझ्या सुरुवातीच्या एका ट्रान्सफरनंतर लॅबमध्ये भ्रूण सांभाळणाऱ्या एम्ब्रियॉलॉजिस्टने कॅथेटर मायक्रोस्कोपखाली तपासला आणि खिडकीतून सांगितलं, “एम्ब्रियो परत आलाय.” टेबलावरच्या ताईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “ताई, भ्रूण नळीतच राहिलाय, सुखरूप आहे, आम्ही परत भरून आणतोय.” दुसऱ्यांदा कॅथेटर मॅडमनी घातला. गर्भाशयमुखावरचा चिकट स्राव मी नीट पुसला नव्हता.

त्या संध्याकाळी मी वही केली. मूत्राशय किती भरलंय, वळण कुठल्या बाजूला, कॅथेटर कोणता, स्राव होता का, टोकाला रक्त लागलं का, भ्रूण परत आला का, आणि शेवटचा रकाना बीटाचा. चाळीसेक नोंदी झाल्यावर लक्षात आलं, मी ‘अवघड’ लिहिलेल्या बहुतेक ट्रान्सफरमध्ये मूत्राशय अर्धवटच भरलेलं होतं. मूत्राशय भरलं की पुढे झुकलेलं गर्भाशय सरळ होतं, हे मी पुस्तकात कितीदा वाचलं होतं! तेव्हापासून सिस्टरवर न सोडता पाणी प्यायची वेळ मी स्वतः सांगते.

लॅबमध्येही दिवसच्या दिवस बसा. मुंबईच्या केईएममधलं १९८६चं टेस्ट ट्यूब बाळ म्हटलं की आपल्याला स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजा आठवतात, पण त्यांच्या जोडीला शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार होते. साधारण ०.१ मिलिमीटरचं बीजांड मायक्रोस्कोपखाली एकदा पाहिलं की ट्यूब गार का होऊ द्यायची नाही, हे कुणी ओरडून सांगावं लागत नाही.

जागा निवडताना महिन्याला आयव्हीएफच्या किती सायकल, म्हणजे उपचाराच्या फेऱ्या, होतात हे विचारू नका. मागच्या वर्षीच्या फेलोला गाठा आणि विचारा, “तू स्वतःच्या हाताने किती पिकअप केलेस, किती ट्रान्सफर केलीस?” खासगी सेंटरमध्ये जोडपी लाखाच्या वर खर्च करून येतात, ट्रान्सफर शिकाऊ हातात द्यायला वरिष्ठ कचरतात, ते समजण्यासारखं आहे. पण एका ठिकाणी मुलाखतीत मी हा प्रश्न विचारला तर समोरच्यांनी विषयच बदलला. तिथे मी गेले नाही. शिकवणारी माणसं आकडा सांगतात, आणि देखरेखीखाली शिकाऊ डॉक्टर हात लावणार आहे हे जोडप्यालाही आधी सांगतात.

निगेटिव्ह रिपोर्टचा फोन रिसेप्शनकडून करवू नका, तुम्ही करा. सोलापूरकडच्या एका बाईंनी मला फोनवर विचारलं होतं, “डॉक्टर, ट्रान्सफर झाल्यावर मी दोनदा जोरात खोकले. त्यानं गेलं का?” वही समोर उघडी होती. मी त्यांना सांगितलं, “नाही ताई. कॅथेटर अलगद गेला होता, रक्त नव्हतं, भ्रूण आत सुटलेला आम्ही पाहिला. खोकल्यानं तो बाहेर पडत नाही.” पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, “हे माझ्या सासूबाईंना सांगाल का?” आणि फोन त्यांच्याकडे दिला.