१६ एमबीच्या पुढची फ्लॅश लावताय? या चुका टाळा

बोर्डवरची १६ एमबीची एसपीआय नॉर फ्लॅश (वीज गेली तरी डेटा टिकवणारी चिप) काढून ३२ एमबीची लावली, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) टेबलात चिपची एक ओळ वाढवली, लिनक्स बूट झालं, काम संपलं! नागपुरात आमच्या टेबलावर शिकायला येणारी बहुतेक मुलं इथेच थांबतात. खरं काम इथून सुरू होतं.

तीन बाइटच्या पत्त्यात १६ एमबीच मावतात. त्यापुढे चौथा बाइट लागतो. त्यासाठी बी७ कमांड देऊन चिपला चार बाइटच्या मोडमध्ये टाकायचं, हा सोपा रस्ता. मला तो मुळीच आवडत नाही.

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आमचे गेटवे (मशीनचा डेटा नेटवर्कवर पाठवणारी उपकरणं) बसवले होते. मे महिना, पत्र्याच्या शेडमध्ये पेट्या, बाहेर पारा ४५ च्या वर. दोन-तीन दिवसांआड एखादा गेटवे मरायचा. सगळ्यांनी खापर उन्हावर फोडलं. तिथला ऑपरेटर मात्र फोनवर एकच सांगायचा, “साहेब, मेन स्विच बंद करून चालू केला का चालते जी.” आम्ही ते ऐकून सोडून दिलं आणि पेट्यांना पंखे लावत बसलो. उत्तर त्याच वाक्यात होतं.

शेवटी लॉजिक अॅनालायझर (तारांवरचे सिग्नल टिपणारं यंत्र) लावला आणि वॉचडॉगला (सॉफ्टवेअर अडकलं तर प्रोसेसर रीसेट करणाऱ्या टायमरला) मुद्दाम रीसेट करू दिलं. प्रोसेसर नव्याने उठला. त्याच्या बूट रॉमने (उठताच चालणाऱ्या, प्रोसेसरमधल्या कायमच्या कोडने) ०३ ही वाचायची कमांड आणि पत्त्याचे तीन बाइट पाठवले. चिपची वीज मात्र गेलीच नव्हती. ती अजून चार बाइटच्या मोडमध्ये होती आणि चौथ्या बाइटची वाट बघत होती. रॉमने डेटा म्हणून दिलेले पहिले आठ क्लॉक, म्हणजे एक बाइट, तिने पत्ता म्हणून गिळले. पुढचं सगळं वाचन चुकलं, बोर्ड जागीच थिजला. आम्ही मात्र टेबलावर दरवेळी वीज काढूनच तपासत होतो.

डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला बोर्डचं वर्णन देणाऱ्या फाइलमध्ये) ‘ब्रोकन-फ्लॅश-रीसेट’ लिहून सुटका होत नाही. कर्नल नीट बंद होताना चिपला तीन बाइटवर परत आणतो, पण वॉचडॉग कर्नलला विचारून रीसेट करत नाही. मी दोनच गोष्टी मानतो: चिपची रीसेट पिन बोर्डच्या रीसेटला जोडा, किंवा चार बाइट पत्त्याच्या स्वतंत्र कमांड वापरा, म्हणजे चिपचा मोड बदलावाच लागत नाही. आता माझ्याकडचा प्रत्येक बोर्ड रात्रभर वॉचडॉगवर रीसेट होत राहतो, मगच बाहेर जातो.

स्वतंत्र कमांड वापरताना चिपचा आयडी बघून निश्चिंत होऊ नका. विनबाँडच्या डब्ल्यू२५क्यू२५६ चे एफव्ही आणि जेव्ही हे दोन्ही प्रकार एकच आयडी सांगतात, पण एफव्हीकडे त्या कमांडचा पूर्ण संच नाही. कर्नल त्यांना एसएफडीपी तक्त्याच्या (चिप स्वतःची क्षमता ज्यात सांगते त्या तक्त्याच्या) आवृत्तीवरून ओळखतो. जुन्या कर्नलमध्ये हाताने ओळ घुसवणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

१६ एमबीच्या पलीकडे लिहून न बघणं ही दुसरी हमखास चूक. चौथा बाइट पोचत नसेल तर १६ एमबीवरचं लिखाण थेट शून्यावर पडतं आणि तिथे बूटलोडर (कर्नलला उठवणारा प्रोग्रॅम) असतो. मी प्रत्येक ब्लॉकमध्ये त्याचाच पत्ता लिहितो आणि सगळं लिहून झाल्यावरच वाचतो. लगेच वाचलं तर गुंडाळून आलेला पत्ताही बरोबरच दिसतो. आणि हो, आधी बूटलोडरची प्रत काढून ठेवा.

डेटाशीटवरचे २५६ हे मेगाबिट असतात, मेगाबाइट नव्हेत.

नँड (फ्लॅशचा दुसरा, मोठ्या आकारात मिळणारा प्रकार) ४ जीबीच्या पुढे गेली की ब्लॉक क्रमांक शिफ्ट करून पत्ता काढण्याआधी तो ६४ बिटांचा करा. शिफ्टनंतर केला तर वरचे बिट आधीच गळालेले असतात.

यूबीआय (फ्लॅशचे ब्लॉक सांभाळणारा लिनक्सचा थर) जोडायला लागणारा वेळ फ्लॅशच्या आकाराबरोबर वाढतो. बूट मंदावलं म्हणून ड्रायव्हर उसवू नका, आधी फास्टमॅप (यूबीआय लवकर जोडणारी सोय) बघा.