पंचायतीचा खर्च मोबाईलवर बघा, मग सुतळी घेऊन नाली मोजा

मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिवणकाम करते. आमच्या गल्लीतली नाली दोन वर्षं अर्धीच होती. सांडपाणी थेट माझ्या उंबऱ्यापाशी यायचं. पंचायतीत विचारलं की उत्तर ठरलेलं, "निधी नाही, ताई." मग भाचीनं मोबाईलवर ई-ग्रामस्वराजची, म्हणजे पंचायतीचे आराखडे नि खर्च दाखवणारी सरकारी साइट उघडली. त्या नालीचं बिल कवाच निघालेलं होतं.

म्हणून तुम्हीपण बघा. लॉगिन लागत नाही. अहवालात आर्थिक वर्ष निवडा; ते 1 एप्रिलला सुरू होतं. मग राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत. गावाचं नाव सापडेना तर घाबरू नका. गट ग्रामपंचायत, म्हणजे दोन-चार गावांची मिळून एक पंचायत असेल तर शेजारच्या गावाच्या नावाखाली बघा. इंग्रजी स्पेलिंगही भलतंच असतं. दोन गोष्टी उघडा: आराखडा आणि खर्चाचे व्हाउचर. आराखड्यात काय ठरलं ते दिसतं, व्हाउचरमध्ये पैसा कुठं गेला ते.

पंचायतीला केंद्राकडून मिळणाऱ्या 15व्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के पैसा 2021-22 ते 2025-26 या वर्षांत बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. सांडपाण्याची नाली त्यातच बसायची. "निधी नाही" ऐकलं की आधी हे आठवा.

पण साइटवर कामाचं नाव नि रक्कम कळते, नाली किती लांब ते कळत नाही. ते कामाच्या अंदाजपत्रकात आणि मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेलं काम मोजून लिहितात त्या वहीत असतं. त्यासाठी माहितीचा अधिकार वापरा. नमुना 'अ'मध्ये अर्ज, त्यावर 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. "नाली अर्धी का ठेवली?" असं लिहू नका. "अमुक कामाच्या अंदाजपत्रकाची आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत द्यावी" असं लिहा. पोच घेतल्याशिवाय उठू नका. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. माझा कागद अपिलानंतरच हातात आला.

त्यात लांबी 120 मीटर होती. माझी शिवणाची टेप दीड मीटरची. त्या टेपनं दहा मीटर सुतळी मोजली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या, आणि सकाळी शेजारणीला घेऊन नालीच्या कडेनं चालले. सातव्या वेळी सुतळी टाकली आणि पुढं नुसती माती. भाचीनं तिथं सुतळीसकट फोटो काढला.

हे सगळं घेऊन ग्रामसभेत जा. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, बायांनी तिथंच तोंड उघडावं. पुढं पुरुषांच्या गर्दीत आवाज दबतो. आणि घरी रजिस्टर घेऊन कुणी सहीला आलं तर देऊ नका. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी कमीत कमी हजेरी, नुसती कागदावर भरायची ती रीत आहे.

मी सभेत दोन्ही आकडे वाचले, कागदावरचे 120 मीटर आणि सुतळीनं मोजलेले 70. नुसतं बोलून भागत नाही, इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत यायला पाहिजे. म्हणून ग्रामसेवकांना म्हणलं, "साहेब, काय लिहिलं ते मोठ्यानं वाचा." त्यांनी वाचलं. सत्तर राहून गेलं होतं. ते लिहून घेतलं, परत वाचायला लावलं, मगच सही केली.